डफ कुणी वाजवायचा?

ज्या विस्तवावर भरताची वांगी भाजतात, त्यावरच डफाचं कातडंही तापवता येतं. असोद्याच्या शिवारात मार्गशीर्ष-पौषात असा विस्तव दर चार-दोन मळ्यांआड पेटलेला दिसतो. आमच्याही मळ्यात तो पेटला होता. तुराट्यांवर हिरवी वांगी तडतडत होती, आई कळण्याच्या भाकरी टोपलीत रचत होती आणि जळगावहून आलेल्या माझ्या भाचीनं सोबत एक डफ आणला होता. ती संगीत शिकते. खेड्यापाड्यातल्या नाचाची वाद्यं, त्यांचे ठेके, ती वाजवणारी माणसं यांच्यामागे ती झपाटल्यासारखी फिरते. डफ आणला होता तो आमच्या गुरुजींसाठी.

गुरुजी म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक. मला आणि गावातल्या माझ्या वयाच्या कितीतरी जणांना त्यांनी मराठी शिकवलं. त्यांचा जन्म तापीकाठच्या एका लहान गावात, मातंग समाजातल्या वाजंत्र्याच्या घरी झाला. वडील सनई वाजवत, काका संबळ. गुरुजी पोरवयात आधी सूर धरायला बसले, मग डफ गळ्यात आला. नोकरीची पहिली वर्षं साक्री तालुक्याच्या डोंगराळ भागात गेली. नंतर ते असोद्याला आले आणि इथलेच झाले.

भाचीनं डफ पुढे केला. त्यांनी तो विस्तवाजवळ धरून सावकाश फिरवला, बोटानं टिचकी मारून पाहिली, "तापला," म्हणाले आणि तिच्या हातात परत दिला. "मी मात्र वाजवणार नाही, बेटा."

पुढे जेवणं होईपर्यंत आणि जेवणानंतरही जे बोलणं चाललं, ते इथे मांडतो आहे. हा वाद आमच्या मळ्यापुरता नाही. खानदेशातल्या प्रत्येक गावाला तो कधी ना कधी स्वतःशी घालावा लागेल.

भाची : गुरुजी, तुम्ही नाही वाजवलं तर मी कुणाकडे जाऊ? मिरवणुकीचा ठेका वेगळा, देवाचा वेगळा, जत्रेतल्या कुस्तीचा वेगळा, मयताचा वेगळा. हे सगळं तुमच्या हातात आहे आणि कुठेही लिहिलेलं नाही. श्रावणात कानबाई उठते तेव्हा तिला नदीवर नेताना आता डीजे लागतो. भुलाबाईच्या टिपऱ्या अंगणातून उठून मंचावर गेल्या. आखाजीला झोक्यावरची गाणी म्हणणाऱ्या बायका आजीच्या वयाच्या आहेत. यावल-चोपड्याच्या पाड्यांवर होळीला पावऱ्यांचा ढोल अजून घुमतो, भोंगऱ्याच्या बाजारात अजून पोरं-पोरी नाचतात. आपल्या सपाटीवरच्या गावात काय उरलं?

गुरुजी : तू ज्याला वाद्य म्हणतेस, त्याला माझ्या घरात काम म्हणत. कामही आपल्या मर्जीचं नव्हे. गावात लग्न कुणाचंही असो, वाजवायला जायचंच. घरात कुणी आजारी आहे, आज जमणार नाही, असं म्हणायची सोय नव्हती. मोबदला सुगीला खळ्यावर मिळायचा, तोही देणाऱ्याच्या मनाला येईल तेवढा. नवरदेव मारुतीच्या देवळात जायचा आणि ज्यांच्या वाजवण्यानं तो तिथवर आला ते पायरीखाली थांबायचे. पंगती उठल्या की मग आम्हाला वाढायचे, तेही लांबून.

मी सूर धरायचो. म्हणजे सनईच्या जोडीला एकच स्वर, सकाळपासून वरात घरी पोचेपर्यंत. गालात हवा साठवायची, नाकानं श्वास घ्यायचा आणि आवाज तुटू द्यायचा नाही. तांब्यातल्या पाण्यात बोरूनं बुडबुडे काढायला लावून बापानं मला ते शिकवलं. बुडबुडे थांबले की मार. आज तू म्हणतेस, काय साधना होती! मला त्या सुराची गोडी आठवत नाही. फुटलेले ओठ आठवतात.

आई इतका वेळ गप्प होती. वांग्याची साल काढता काढता ती म्हणाली, "आमच्या वख्ताले वाजंत्री आल्याबिगर हयद लागत नव्हती. अन् त्याच वाजंत्र्याइले पानी वरून घालत व्हते. म्याबी घातलं हाये." एवढंच बोलून तिनं पुढचं वांगं उचललं. त्यावर कुणी काही बोललं नाही, मीही नाही. जे खरं होतं ते ती बोलली होती.

भाची : आजी म्हणते ते मला नाकारायचं नाही, गुरुजी. पण लाज कुणाची? वरून पाणी घालणाऱ्याची ना? मग शिक्षा डफाला का? अण्णा भाऊ साठे तुमच्याच समाजातले. १९४४ साली त्यांनी, अमर शेखांनी आणि द. ना. गवाणकरांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांचा आवाज आणि डफ ऐकायला माणसं मैलोन् मैल चालत येत. वाद्य तेच होतं. त्यांनी ते टाकून दिलं असतं तर महाराष्ट्राचं नुकसान झालं नसतं?

गुरुजी : झालं असतं. पण त्या सभेत काय वाजवायचं, कुणासाठी वाजवायचं, कधी थांबायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. माझ्या बापानं ते एकदाही ठरवलं नाही. बाबासाहेबांनी गावकीची हलकी मानलेली कामं सोडायला सांगितलं, ते का? कामात कसब नव्हतं म्हणून नव्हे. त्या कामानं माणूस गावाला बांधलेला राहतो म्हणून. पुढे मुंबई राज्यात १९५८ चा कायदा झाला आणि कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली. माझ्या बापाला कायद्यातलं काही कळत नव्हतं. पण मला शाळेत घातलं त्या वर्षी त्यानं सनई माळ्यावर टाकली. तू ज्याला परंपरेचा शेवट म्हणतेस, त्याला आमच्या घरात सुटका म्हणतात.

इथे मला मध्ये बोलावंसं वाटलं. मी म्हणालो, "गुरुजी, साक्रीची पावरी सांगा तिला." मला माहीत होतं, पावरीचं नाव काढलं की गुरुजींचा आवाज बदलतो. तसंच झालं.

ते सांगू लागले. साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, पिंपळनेरच्या पलीकडे, कोकणा आणि भिल्ल वस्त्यांमध्ये मार्गशीर्षात डोंगऱ्या देव बसतो. व्रत घेतलेल्या माणसांना माऊल्या म्हणतात. ते घर सोडून राहतात, नेम पाळतात, गावोगाव फिरून नाचतात आणि पौर्णिमेला डोंगरावर देवाच्या ठिकाणी जातात. त्या सगळ्यांच्या मधोमध असतो पावरी वाजवणारा. वाळलेला दुधी भोपळा, त्यात मेणानं बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला कर्णा, वर मोरपिसं. नळ्यांच्या आत पत्ती असते. भोपळ्यात हवा भरली की ती थरथरते आणि आवाज सलग निघत राहतो. श्वास घेण्याची युक्ती तीच, गुरुजींच्या बापानं तांब्यातल्या पाण्यात शिकवलेली. पालघर-जव्हारच्या वारल्यांचा तारपा याच घाटणीचा आहे. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतलं वेटोळ्याचं नृत्य आपण पाहिलेलं असतं. त्याच्या मधोमध उभा असतो तो तारपावाला.

गुरुजी : पहिल्या वर्षी मी रात्रभर बघत बसलो. वाजवणारा चालेल तसं रिंगण चालायचं. त्यानं लय वाढवली की पाय वाढायचे. त्याच्याकडे कुणी पाठ करत नव्हतं. आणि एका बाजूला थाळीवाला बसलेला. काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणानं एक काडी उभी चिकटवायची, ती बोटांनी वरून खाली ओढत राहायची. थाळीतून असा काही नाद निघतो की अंगावर काटा येतो. त्या नादावर तो देवांच्या, डोंगरांच्या, पूर्वजांच्या कथा सांगतो. सकाळी मी पाहिलं, पावरीवाला सगळ्यांसोबत एकाच ओळीत जेवायला बसला होता. त्याच्या मुलाला मी दुसरीत शिकवत होतो. तो त्यांचाच माणूस होता. त्याला कुणी बोलावलेलं नव्हतं, तो तिथलाच होता. बेटा, वाजवणारा नाचणाऱ्यांतला असेल तर वाद्याचा मान वेगळा असतो. आमच्या सपाटीवर नाचणारे एका जातीचे आणि वाजवणारे दुसऱ्या. म्हणून सातपुड्यातला ढोल टिकला आणि आमचं डफडं उतरलं. तू दोन्हींना एकच 'लोकवाद्य' म्हणतेस, तिथं तुझी गल्लत होते.

माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं बोलणं हेच. लोकसंगीतावर लिहिणारे आपण सगळे वाद्यांची यादी करतो : संबळ, डौर, तुणतुणं, किंगरी, पावरी, डफ, सनई. कुठलं वाद्य आपल्या माणसानं आपल्या माणसांसाठी वाजवलं आणि कुठलं सक्तीनं वाजवावं लागलं, हा रकाना त्या यादीत नसतो.

भाची मात्र गप्प बसणाऱ्यांतली नाही. तिनं थेट युरोप काढला.

भाची : हा फरक मी पुस्तकात वाचला होता, गुरुजी, फक्त रुमानियाचा. तिथेही संगीताचे असे दोन थर आहेत. धनगरांची आणि शेतकऱ्यांची वाद्यं वेगळी : साधा पावा, बुचुम नावाचा लांबलचक लाकडी कर्णा, बकऱ्याच्या कातड्याच्या पिशवीत हवा भरून वाजवायचा चिंपोय. ती ज्याची तो वाजवतो. लग्नात आणि गावच्या होऱ्यात, म्हणजे हातात हात घालून रिंगण धरतात त्या नाचात, वाजवायला मात्र लाउतारी येतात. व्हायोलिन, कोब्झा, संतूरसारखा चांबाल. लाउतारी बहुतेक सगळे रोमा. त्यांचे पूर्वज कैक शतकांपूर्वी आपल्या देशातून तिकडे गेले, त्यांची भाषा आपल्याच भाषांच्या कुळातली आहे. आणि ते गुलाम होते. जमीनदारांचे, मठांचे, राजाचे. त्यांची खरेदी-विक्री व्हायची. मोल्दाविया आणि वलाकिया या दोन्ही प्रांतांत त्यांची गुलामी संपली ती १८५५-५६ साली.

गुरुजी : (जरा थांबून) म्हणजे माणूस विकत घ्यायचा आणि त्याच्या वाजवण्यावर नाचायचं.

भाची : हो. पण पुढचं ऐका. सुटका झाल्यावर त्यांनी व्हायोलिन टाकलं नाही. त्यावर ते जगले, त्यावर त्यांनी नाव काढलं. नाय नावाचं एक वाद्य आहे, बांबूच्या वेगवेगळ्या लांबीच्या नळ्या ओळीनं बांधलेलं. गेल्या शतकाच्या मध्याला ते वाजवणारे बोटांवर मोजण्याइतके उरले होते. फानिका लुका हा त्यातला एक, रोमा घरातला. त्याला बुखारेस्टच्या संगीतशाळेत शिकवायला नेमलं. त्याच्या वर्गातून गेओर्गे झाम्फिर निघाला आणि जगानं नाय ऐकला. एका मास्तरच्या वर्गानं वाद्य वाचलं, गुरुजी. तुम्हीही मास्तर आहात.

गुरुजी : लुकाला नेमलं म्हणतेस. म्हणजे पगार दिला, खुर्ची दिली, हजेरीपटावर मुलं दिली. 'अहो, तुमच्या हातात विद्या आहे, जरा वाजवून दाखवा, आम्ही मोबाइलवर टिपून घेतो' असं कुणी त्याला म्हटलं नाही.

भाचीच्या हातात मोबाइल होता. तिनं तो खाली ठेवला.

तिकडच्या राज्यकर्त्यांनी पुढे काय केलं, तेही तिनं लपवलं नाही. १९४९ मध्ये बुखारेस्टला लोकसंगीताची संस्था उभी राहिली, तिचा मोठा वाद्यवृंद निघाला. खेड्यातली तिघा-चौघांची जुळणी मोडून रंगमंचावर वीस-पंचवीस वादक एका गणवेशात एकच ठरवलेली चाल वाजवू लागले. १९७६ पासून चाउशेस्कूच्या राजवटीत देशभर स्पर्धा-महोत्सव सुरू झाला, त्यात गावोगावच्या संगीताला सत्तेची स्तुती करावी लागली. आणि तरीही १९८९ ला ती राजवट कोसळली तेव्हा क्लेजानीसारख्या गावात म्हातारे लाउतारी जुन्या पद्धतीनं वाजवतच होते. लग्नं थांबली नव्हती, आणि लग्नात पैसे देणारे थांबले नव्हते. झेचे प्राजिनी या आडगावात रोमा शेतकऱ्यांचा पितळी बँड होता. १९९६ मध्ये एक जर्मन ध्वनितंत्रज्ञ तिथे पोचला आणि 'फानफारे चोकार्लिया' या नावानं तो बँड जगभर फिरला. जुन्या पाव्याच्या जागी पितळेचे कर्णे आले म्हणून तिथलं संगीत मेलं नाही.

गुरुजी : बघ, आता तूच माझं बोललीस. माझा पुतण्या बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. तू त्याला नाकं मुरडतेस. पण तो सुपारी ठरवून घेतो, अर्धे पैसे आगाऊ घेतो, रात्रीचे दहा वाजले की बंद करतो. देवळाच्या पायरीवर कुणी त्याला अडवत नाही. बापानं जे वाजवलं ते त्यानं वाजवलं नाही, पण बापाला जे मिळालं नाही ते त्यानं मिळवलं.

भाची : मी नाकं मुरडत नाही. पण तो वाजवतो ती गाणी मुंबई-पुण्यात, सुरतेत, सगळीकडे तीच. कुस्तीचा ठेका त्याला येतो का? विचारा. कानबाईला निरोप देताना काय वाजवायचं ते येतं का? पितळी बँडनं जुन्या चाली नव्या वाद्यावर नेल्या. आपल्याकडे वाद्य बदललं तेव्हा चालीही सुटल्या. आणि डीजेचं तर विचारूच नका. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. आपल्या मिरवणुकीत ते कोण मोजतं? भिंती थरथरतात, लहान लेकरं दचकून रडतात. डफ कितीही जोरात वाजला तरी नाचणाऱ्याला तो दमू द्यायचा, श्वास घेऊ द्यायचा. वाजवणाराच माणूस होता, तोही दमायचा.

या मुद्द्यावर मी पूर्णपणे भाचीच्या बाजूचा आहे. वाजवणाऱ्याची नजर नाचणाऱ्याच्या पायांवर असते. म्हातारा नाचायला उतरला की ठेका उतरतो, पोरं आली की चढतो. आधीच मुद्रित केलेल्या आवाजाला समोर कोण नाचतंय ते दिसत नाही. गावच्या नाचातून माणूस काढला तर मागे राहतो तो नुसता गोंगाट.

मग आपसूक बहिणाबाईंचा विषय निघाला. असोद्यात बोलणं कुठूनही सुरू झालं तरी तिथं येतंच, कारण त्या इथल्या माहेरवाशीण. १८८० साली इथे जन्मल्या, लग्नानंतर जळगावच्या चौधऱ्यांच्या घरी नांदल्या, लिहिता-वाचता येत नसताना जात्यावर आणि शेतात गाणी रचत राहिल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी गाणी टिपून ठेवली होती, आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं १९५२ मध्ये ती छापली गेली.

भाची : शब्द राहिले, गुरुजी, ते कागदावर आले म्हणून. पण जात्यावर ती जी चाल लावत असेल, जात्याच्या फेऱ्यासोबत ओळ कुठे ओढत असेल, कुठे तोडत असेल, ते पुस्तकात नाही. आज आपण तिची गाणी म्हणतो ती दुसऱ्यांनी बांधलेल्या चालींत. शब्दांचं तरी नशीब चांगलं. डफाला सोपानदेव कुठून मिळणार?

गुरुजी : सोपानदेव तिचा मुलगा होता, बेटा.

बराच वेळ कुणी बोललं नाही. त्यांना काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं. आईची गाणी मुलानं टिपली तेव्हा त्यात उपकार नव्हता, संशोधन नव्हतं, कुतूहल नव्हतं. घरातली वस्तू घरातच राहिली. गुरुजींचा ठेका टिपायला आम्ही निघालो होतो. त्यांची स्वतःची मुलं आज नोकऱ्यांवर पुण्याला आणि नाशिकला आहेत, आणि डफाचं नाव काढलं तर ती विषय बदलतात. बापाच्या फुटलेल्या ओठांची गोष्ट त्यांनीही ऐकली आहे.

भाची : मग मी काय करू? तुमच्यासोबत हे जाऊ देऊ?

गुरुजी : मी नाही म्हटलं ते वाजवायला. शिकवायला नाही म्हटलेलं नाही. पण शिकणार कोण, ते मी ठरवणार. आमच्याच वस्तीतली चार पोरं गोळा करून आणशील आणि म्हणशील, यांना यांची परंपरा शिकवा, तर मी येणार नाही. ती पोरं शिकून पुन्हा तुमच्याच मिरवणुकीपुढे चालणार. तू शीक. या तुझ्या मामाचा मुलगा आहे ना, त्याला शिकव. लेवा घरातली, माळी, कोळी, सुतार घरातली पोरं आण. मुली आण. उद्या कानबाईच्या मिरवणुकीत तुझ्या मामाचा मुलगा गळ्यात डफ अडकवून असोद्याच्या रस्त्यानं सगळ्यांच्या पुढे चालू दे. त्या दिवशी मी त्याच्या शेजारी डफ घेऊन उभा राहीन. कातड्याला हात लावायला लाज कुणाला वाटते ते मला एकदा बघायचंय.

माझ्या मुलाला कसं वाटेल, हा विचार माझ्या मनात आला. नातेवाईक काय म्हणतील हाही आला. तो विचार येणं हेच गुरुजींच्या बोलण्याचं उत्तर होतं. तबला शिकायला मुलाला घालताना मला असा विचार शिवला नव्हता, आणि तबल्यावरही कातडंच असतं.

भाचीनं डफ पुन्हा विस्तवाजवळ नेला. बोलण्याच्या नादात तो उतरला होता. गुरुजींनी तिला डाव्या हातातली बारीक काडी कशी धरायची, मनगट कुठे टेकवायचं, उजव्या हातातलं टिपरू कातड्याच्या मध्यावर का मारायचं नाही एवढं दाखवलं. हल्ली फायबरचं पान मिळतं, पावसाळ्यात ते उतरत नाही, तेच घे असंही सांगितलं. ती म्हणाली, मला कातड्याचाच हवा. ते म्हणाले, शिकणाऱ्यानं हट्ट करू नये, कानबाई भर पावसात येते.

आता माझं मत. दोघांत मी गुरुजींकडे झुकतो. आधी माणूस, मग वाद्य, हा क्रम त्यांनी बरोबर लावला आहे. आपल्याकडे वाद्य काचेच्या कपाटात जातं, वाजवणारा स्पर्धेच्या मंचावर दिलेल्या मिनिटांपुरता उभा राहतो, प्रमाणपत्र घेऊन घरी जातो आणि पुन्हा मजुरीला लागतो. सरकार वृद्ध कलावंतांना २०२४ पासून महिना ५,००० रुपये मानधन देतं. ते मिळावंच. पण ते म्हातारपणाचं आहे, शिकवण्याचं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवड्यातून दोन तास डफ, टिपरी, पावरी शिकवायला गावातल्याच वादकाला रीतसर पगारावर नेमलं, तर फानिका लुकाच्या वर्गासारखं काही इथेही घडू शकतं.

पण वेळेच्या बाबतीत भाचीचं म्हणणं खरं आहे आणि ते गुरुजींनाही मान्य आहे. ज्यांच्या हातात हे सगळे ठेके आहेत ती माणसं सत्तरीच्या पुढची आहेत. न्याय झाला की मग शिकू, असं म्हणून चालणार नाही. शिकणं हाच त्या न्यायाचा एक भाग करावा लागेल.

म्हणून असोद्यातल्या, भादलीतल्या, तापीच्या दोन्ही काठांवरच्या ज्या घरांत येत्या हंगामात लग्न आहे, त्यांना माझी विनंती आहे. वाजंत्री बोलवा. सुपारी आधी ठरवा आणि अर्धी रक्कम त्याच दिवशी हातात द्या. पत्रिकेत मामा-काकांची नावं असतात, त्यांच्या खाली वादकांची नावं छापा. त्यांना पहिल्या पंगतीत तुमच्या शेजारी बसवा. आणि घरातलं एखादं पोर त्यांच्यासोबत डफ घेऊन चालायला तयार असेल, तर त्याला अडवू नका.